नोंदीवाचून ग्रंथ नाही

पुस्तकाची छायाप्रत काढून ती संगणकावर चढविली की पुस्तक वाचकापर्यंत पोचले, असा सोयीस्कर समज आज रूढ झाला आहे. आम्हांस तो मान्य नाही. आवक-नोंद न झालेल्या कागदाची दप्तरात काय गत होते, हे आमच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. नोंद नसलेले पुस्तकही असते, पण मिळत नाही.

चुकीची नोंद तर त्याहून घातक. अनेक डिजिटल संग्रहांत मराठी पुस्तकांची नावे केवळ रोमन लिपीत, तीही उच्चारचिन्हांवाचून, टिपलेली आढळतात. 'के-ए-एल' ही तीन अक्षरे पाहून वाचकाने काय समजावे? कल, कळ, काल की काळ?

याला नियमांचा अभाव कारण आहे काय? मुळीच नाही. १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन नियमावलीची जागा घेण्यासाठी २०१० साली 'आरडीए' ही नियमावली आली. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ रोजी ती अमलात आणली. ग्रंथावर शीर्षक ज्या लिपीत असेल त्याच लिपीत ते उतरावे, ते अशक्य असेल तरच लिप्यंतर करावे, असा तिचा दंडक. डिजिटल प्रतीचे मूळ छापील आवृत्तीशी असलेले नाते सांगण्याचीही तीत सोय आहे. 'मार्क' नोंदीत मूळ लिपीसाठी ८८० क्रमांकाचे क्षेत्र आहे. उणीव आहे ती आस्थेची.

कोणी म्हणेल, आता यंत्रच पुस्तकातील शब्द शोधते. मग तालिका कशाला? परंतु जुन्या छपाईतील पुसट जोडाक्षरे यंत्र चुकीची वाचते. शिवाय हाती आलेली प्रत पहिल्या आवृत्तीची की पुढे काटछाट झालेल्या आवृत्तीची, हे जाणत्या माणसानेच पाहून लिहावे लागते. खर्चाची सबबही आम्ही ऐकतो. हजारो पाने टिपण्यास पैसा आहे आणि एक शीर्षकपान नीट वाचण्यास नाही, हा हिशेब कोणत्या लेखापरीक्षकास पटेल?

वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य होय, हे रंगनाथनांनी १९३१ सालीच सूत्ररूपाने मांडले. शिलाँगला वा भुवनेश्वरला बदलून गेलेल्या मराठी माणसास ही तालिका हेच ग्रंथालयाचे दार. म्हणून सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक मराठी प्रतीची नोंद देवनागरीत, मूळ आवृत्तीच्या उल्लेखासह आणि मराठी जाणणाऱ्याच्या हातून व्हावी, ही आमची मागणी आहे. तोवर चुकीची नोंद दिसताच वाचकांनी ती संग्रहचालकांस लेखी कळवावी. लेखी अर्जाचे मोल आपणांहून अधिक कोणास ठाऊक?