कौन्सेलर कुणाचा माणूस?



मुंबईहून पनवेलकडं जाताना, एक्स्प्रेस-वेच्या तोंडाशी, कळंबोली लागते. लोखंड बाजार, ट्रकांच्या रांगा, सिडकोची वसाहत. इथंच ‘कल्याणी महिला बाल सेवा संस्था’ नावाचं एक निवासी गृह होतं. नाव कल्याणी! मतिमंद असा शिक्का मारलेल्या, मागंपुढं कुणी उभं नसलेल्या मुली तिथं ‘सांभाळायला’ ठेवलेल्या.

2010 साली ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या कवडासच्या अशाच एका गृहात मुलं उपासमारीनं, औषधपाण्याविना मेल्याच्या बातम्या छापून आल्या. मुंबई हायकोर्टानं आपणहून दखल घेतली आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या डॉ. आशा बाजपेयी यांच्या समितीला राज्यातली अशी गृहं बघायला धाडलं. 2011 मध्ये समिती कळंबोलीच्या दारात गेली आणि आतलं सगळं सडकं बाहेर पडलं. मुलींवर बलात्कार झाले होते. करणाऱ्यांत खुद्द संस्थाचालक. 2013 मध्ये मुंबईच्या कोर्टानं त्याला फाशी सुनावली. गृहात कामाला असणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. 2014 मध्ये हायकोर्टानं खुनाचा आरोप टिकत नाही म्हणून फाशी रद्द केली, बलात्कारासाठी शिक्षा 10 वर्षांवर आली. ‘यांना काय कळतंय’ म्हणून ज्यांना मोडीत काढलं होतं, त्या मुलींचंच म्हणणं कोर्टानं खरं मानलं.

ही जुनी राख आज का उकरायची? कारण आमच्या वस्त्यांमधली पोरंपोरी आता एमएसडब्ल्यू करून, मानसशास्त्राची डिग्री घेऊन याच गृहांत कौन्सेलर म्हणून लागताहेत. कागदावर ‘समुपदेशक’. पद कंत्राटी, पगार तुटपुंजा आणि तोही उशिरा. त्यांच्याशी आम्हाला बोलायचंय. कळंबोलीतली एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या मुलींचं ऐकणारे लोक बाहेरून आले. त्यांचा पगार त्या गृहाच्या तिजोरीतून येत नव्हता. त्यांना संस्थाचालकाला उद्या सकाळी ‘गुड मॉर्निंग सर’ म्हणायचं नव्हतं.

कौन्सेलरचं काम म्हणजे काय, हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. पोरगं गादीखाली चपाती लपवतं. केस फाईल म्हणते, ‘चोरीची सवय.’ अरे, ज्यानं उपास काढलेत तो उद्याची भाकर आजच लपवणार! पोरगी चपला घालूनच झोपते. फाईल म्हणते, ‘बेशिस्त.’ ती रात्री कुणी आलं तर पळायच्या तयारीत झोपलेली असते. बारा वर्षांचं पोर अंथरूण ओलं करतं, ब्लेडनं हात कापतं, अंगावर हात ठेवला की चावतं. हे सगळं बोलणंच आहे. तोंडाची भाषा जिथं मार खाऊन बंद झाली, तिथं अंग बोलायला लागतं. ते वाचता आलं पाहिजे. त्यासाठी खुर्ची सोडून खाली बसावं लागतं, कॅरम खेळावा लागतो, तासभर काहीच न विचारता थांबावं लागतं. पोरगं बोलत असताना रजिस्टर भरत बसणारा कौन्सेलर म्हणजे पंचनामा करणारा हवालदार. असे आम्ही बक्कळ पाहिलेत. ‘चांगला वागलास तर घरी सोडू’ म्हणणारे तर त्याहून वाईट, कारण घर कुठंय हे त्यांनाही ठाऊक नसतं.

‘बिघडलेलं पोर’ ही भानगड आपल्याकडं नवी नाही. इंग्रजांनी 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा केला, जातच्या जात जन्मजात चोर ठरवली. 1911 च्या कायद्यात तर मुलांना आईबापापासून तोडून सुधारशाळेत डांबायची सोय होती. पोरांना ‘सुधारण्यासाठी’. 1952 ला कायदा गेला, पण शिक्का गेला का? पारध्याचं पोर स्टेशनवर सापडलं की आजही ते आधी संशयित आणि मग बालक. गृहात आणलं की आडनाव वाचूनच स्वभाव लिहून टाकतात. आमच्या कौन्सेलरनं निदान हे आडनाव वाचायचं थांबवावं.

आणि कायद्याचं काय? 2012 चा पॉक्सो कायदा सांगतो, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवायचंच. दडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवला तर वर्षभरापर्यंत. म्हणून पोराला ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधी देऊ नका. ते मोडावं लागतं, आणि एकदा मोडलं की ते पोर जन्मात कुणापुढं तोंड उघडत नाही. त्याऐवजी सरळ सांगा, ‘तुला त्रास देणाऱ्याविरुद्ध मला सांगावंच लागेल, पण सांगताना मी तुझ्या बाजूला उभा असेन.’

कायदा चांगला, पण कळवायचं कुणाविरुद्ध? ज्याची सही तुमच्या हजेरीपत्रकावर असते त्याच्याविरुद्ध! कंत्राट संपायला दोन महिने, घरी म्हातारी आई, खोलीचं भाडं थकलेलं. गप्प बसणाऱ्याला भित्रा म्हणणं सोपंय, आम्ही म्हणणार नाही. मात्र गप्प बसण्याची किंमत कौन्सेलर देत नाही, पोरगी देते. हेही विसरायचं नाही.

तेव्हा आमची मागणी साधी. गृहातल्या कौन्सेलरची नेमणूक, पगार आणि बदली यांत गृह चालवणाऱ्याचा हात नको. त्याचा अहवाल अधीक्षकाच्या टेबलावरून न जाता थेट बालकल्याण समितीकडं जावा. तक्रारपेटीची किल्ली अधीक्षकाच्या खिशात असू नये. ज्याला बोलता येत नाही त्या पोरासाठी खुणांची भाषा जाणणारा माणूस महिन्यातून एकदा तरी बाहेरून यावा, आणि तो येईल तेव्हा खोलीत गृहाचा कुणीही नसावा.

हे होईपर्यंत नोकरी सोडा असं आम्ही म्हणत नाही. उलट जा, घुसा तिथं. आपल्या पोरांना आपल्या बोलीत ऐकणारं कुणीतरी आत हवंच. एकटे राहू नका. तालुक्यातल्या दुसऱ्या गृहांतल्या कौन्सेलरांना गाठा, महिन्याला एकदा कुठंतरी चहाला बसा, म्हणजे वेळ आली की कळवणारा एकटा पडणार नाही. आणि रुजू व्हाल त्या दिवशी आधी बघा, तुमची खोली कुठंय. अधीक्षकाच्या केबिनला लागून असेल, मधे नुसती प्लायवूडची भिंत असेल, तर ती आधी हलवायला लावा.