चिठ्ठी दिली, पुढे?

बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेची पायरी चढायला तरुण मुले कचरतात. "तिकडे गेला होता" एवढे गल्लीत कळले तरी पुरे, ही भीती. 'युवा स्पंदन' या उपक्रमाने ही अडचण अचूक ओळखली, असे आम्हाला वाटते. निम्हान्स आणि कर्नाटक सरकारचे युवा सबलीकरण व क्रीडा खाते यांनी 2014-15पासून त्याची केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या क्रीडांगणांवर उघडली. भरतीसाठी धावायला आलेला मुलगा घाम पुसत आत डोकावला, तर त्याला कोणी पेशंट म्हणत नाही.

आत डॉक्टर नसतो. प्रशिक्षण घेतलेले 'युवा परिवर्तक' असतात, आणि बोलणे अभ्यास, नोकरी, नाती, लैंगिकता, व्यसन अशा कशावरही होते. निम्हान्सच्याच 2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांत मानसिक विकार आढळले. पण आपल्या समुपदेशनाच्या खोलीत येणारी कितीतरी मुले या आकड्यात बसतच नाहीत. ती एकटी पडलेली असतात, नापास झालेली असतात, शहरात नवी असतात.

अशांना आपण काय सांगतो? "व्यायाम कर, चार लोकांत मिसळ." सल्ला बरोबरच आहे. पण ज्याला आठ दिवसांत घराबाहेर पडायचे बळ झालेले नाही, तो तालमीच्या दारापर्यंत जातो आणि आतला घोळका पाहून परततो. पुढच्या भेटीत "नाही जमलं" म्हणतो, आणि आपण केसपेपरवर 'सहकार्य नाही' असे लिहितो. हा शेरा अन्यायाचा आहे.

इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 2019पासून दवाखान्यांना जोडून 'लिंक वर्कर' नेमायला सुरुवात केली, ती सल्ला आणि कृती यांच्यातली हीच फट बुजवण्यासाठी. तो आधी निवांत ऐकतो: सकाळी किती वाजता उठतोस, जेवतोस कुणाबरोबर, पूर्वी काय आवडायचे? मग त्या मुलाला मानवेल असे ठिकाण दोघे मिळून शोधतात. गरज पडली तर पहिल्या दिवशी तो सोबतही जातो. आमच्या मते सगळे मर्म या सोबतीत आहे. आपल्याकडे ग्रंथालये, क्रीडा संकुले, भजनी मंडळे, नाट्यसंस्था आहेतच. तिथे पोराला नावाने ओळखून "ये, बस" म्हणणारे माणूस आधी गाठून ठेवायला हवे.

एक मर्यादा मात्र कुणी ओलांडू नये. जीव नकोसा झाल्याचे मुलगा बोलला, तर ग्रंथालयाचा पत्ता देऊन त्याला वाटेला लावायचे नाही. त्या क्षणी मनोविकारतज्ज्ञ गाठायचा. 14416 हा टेली-मानस या मदतवाहिनीचा क्रमांकही मुलांच्या हाती असू द्या.

वाचकांनी आपल्या तालुक्यातली अशी ठिकाणे आम्हाला कळवावीत. ठिकाणाच्या नावासोबत तिथे भेटायची वेळही लिहा, आणि तुम्ही स्वतः तिथे जाऊन आला आहात का, तेही.