वेळेची कीर्द-खतावणी

वेळ पुरत नाहीं, ही तक्रार ज्या घरांत ऐकूं येत नाहीं असें सुशिक्षितांचें घर हल्लीं क्वचितच आढळेल. पैशाच्या बाबतींत मात्र अशी मोघम तक्रार आपण चालवून घेत नाहीं. महिनाअखेर हात आखडला तर जमाखर्चाची वही उघडतों, कोणत्या खात्यावर किती गेले तें पाहतों आणि मग बोलतों. वेळेची अशी वही बहुतेक घरांत नसतेच. त्यामुळें जो तो आपल्या समजुतीप्रमाणें स्वतःस मंद किंवा दुसऱ्यास निष्काळजी ठरवून मोकळा होतो. या महिन्यांत अशाच एका वहीची ओळख आम्ही वाचकांस करून देणार आहों. ती कागदाची नाहीं, संगणकावरची आहे. तथापि तिची रीत जुन्या दप्तरखान्यांतील कारकुनांस परकी वाटली नसती.

आमच्या परिचयाच्या एक भगिनी येथें कोल्हापुरांत शिवाजी विद्यापीठाच्या पीएच.डी.साठीं इतिहासाचा प्रबंध लिहीत आहेत. सकाळीं घरचें आटोपून त्या पुराभिलेखागारांत जातात, करवीर संस्थानच्या मोडी कागदांचे रुमाल सोडून वाचतात आणि टिपणें घेतात. दुपारीं विद्यापीठाच्या बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयांत छापील साधनें चाळतात आणि सायंकाळीं घरीं येऊन लिहावयास बसतात. त्यांचीं टिपणें कांहीं वहींत, कांहीं सुट्या कागदांवर, तर कांहीं मोबाईलमध्यें अशीं विखुरलेलीं होतीं. दोन प्रश्नांचीं उत्तरें त्यांस देतां येत नसत. अमुक पत्र कोणत्या रुमालांत पाहिलें, हा एक. आणि तिसरें प्रकरण केव्हां पुरें होणार, हा दुसरा. पहिला प्रश्न मार्गदर्शक विचारीत, दुसरा घरची मंडळी विचारीत. उत्तर मिळत नाहीं असें पाहून घरच्यांनीं आपल्यापुरता निकालही देऊन टाकला होता, कीं सूनबाईंचें काम फार सावकाश चालतें.

त्यांच्या भाच्यानें त्यांस एक टेक्स्ट एडिटर दाखविला. टेक्स्ट एडिटर म्हणजे निव्वळ अक्षरें लिहिण्याचें साधन. ठळक ठसे, रंगीत चौकटी असा नटवेपणा त्याच्या फाइलींत सांठविला जात नाहीं. याचा लाभ असा कीं अशी फाइल कोणत्याही संगणकावर उघडते. एके काळीं विशिष्ट फाँटांत टंकलेलीं मराठी हस्तलिखितें तो फाँट नसेल तर आज निरर्थक चिन्हांसारखीं दिसतात; युनिकोडमध्यें लिहिलेल्या साध्या मजकुरावर सहसा तो प्रसंग येत नाहीं. या एडिटरचें नांव ईमॅक्स. त्याचा उगम 1976 साली अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत झाला आणि आज प्रचारांत असलेली त्याची ग्नू आवृत्ति रिचर्ड स्टॉलमन यांनीं 1985 मध्यें प्रसिद्ध केली. तो विनामूल्य आहे; इतकेंच नव्हे, तर वापरणारास तो मुळापासून बदलून घेतां येतो. 2003 मध्यें ॲम्स्टरडॅमच्या विद्यापीठांतील कार्स्टन डोमिनिक या खगोलशास्त्रज्ञांनीं स्वतःचीं टिपणें आणि कामें एकत्र ठेवण्यासाठीं त्यास ऑर्ग मोड नांवाची जोड दिली. तारे पाहणाऱ्या गृहस्थानें आपल्या सोयीसाठीं केलेली ही वही आज नाना व्यवसायांचे लोक वापरतात.

तिची घडण साधी आहे. ओळीच्या आरंभीं एक तारांकित खूण केली कीं तें प्रकरण होतें, दोन केल्या कीं पोटप्रकरण. एखाद्या शीर्षकामागें 'करावयाचें' असा शब्द घातला कीं तें काम होतें, आणि तें उरकलें कीं तेथेंच 'झालें' असा शेरा पडतो. काम हातीं घेतांना ठराविक कळा दाबल्या म्हणजे त्या शीर्षकाखालीं आरंभाची वेळ नोंदली जाते. काम थांबवितांना शेवटची वेळ आणि मधल्या काळाची वजाबाकी. ही झाली कीर्द. मग आज्ञा केली कीं आठवड्याभराच्या नोंदी विषयवार जुळून खातीं तयार होतात आणि पोटप्रकरणांची बेरीज मुख्य प्रकरणावर चढते. ही खतावणी, आणि तिच्या माथ्यावरची एकूण रक्कम म्हणजे तेरीज. फडावरचा कारकून जें काम पैशासाठीं करी, तेंच येथें मिनिटांसाठीं होतें.

बाईंनीं या वहींत आपल्या सोयीचे बदल केले. मूळचे इंग्रजी शब्द काढून 'करावयाचें', 'चालू' आणि 'झालें' असे तीन मराठी शेरे ठेवले. घड्याळ लावण्यासाठीं एकामागून एक तीन कळा दाबाव्या लागत. तें काम त्यांनीं कळफलकाच्या वरच्या ओळींतील एकाच कळीवर आणिलें. मोडी पत्राचें टिपण करावयाचें झाल्यास रुमालाचा क्रमांक, तारीख, कोणीं कोणास लिहिलें आणि आशय, अशीं चार खातीं आपोआप पुढें येतील असा नमुना बनविला. त्यामुळें मार्गदर्शकांच्या प्रश्नाचें उत्तर आतां शोधाची कळ दाबतांच मिळतें. मोडी अक्षरें 2014 पासून युनिकोडमध्यें आहेत, आणि 2023 मध्यें निघालेल्या ईमॅक्सच्या 29 व्या आवृत्तींत तीं टंकण्याची सोयही आली. एखादा संशयास्पद शब्द मुळांतल्याप्रमाणें उतरून ठेवावयास ती उपयोगी पडते. एक अडचण मात्र राहिली. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळें कोष्टकांचे रकाने सरळ रेषेंत येत नाहींत. त्यावर त्यांनीं झगडत न बसतां कोष्टकें सोडून साध्या याद्या ठेविल्या.

वेळेचें माप कोणतें घ्यावें हाही प्रश्न होता. इटलींतील फ्रांचेस्को सिरिलो यांनीं 1980 च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थिदशेंत, टोमॅटोच्या आकाराचें स्वयंपाकघरांतील घड्याळ पुढें ठेवून पंचवीस मिनिटें एकचित्तानें अभ्यास आणि मग थोडी विश्रांति, अशी रीत बसविली. ती 'पोमोदोरो' या नांवानें जगभर पसरली आहे. आपल्या लग्नमंडपांत पाण्यावर तरंगणारें घटिकापात्र चोवीस मिनिटांत बुडे. साठ घटकांचा दिवस मोजणाऱ्यांस हें माप नवें सांगावयास नको. बाईंनीं आपलें घड्याळ घटकेवरच लाविलें.

आतां या वहीनें काय दाखविलें तें सांगतों. प्रत्येक कामापुढें लागणाऱ्या वेळेचा अंदाज आधीं लिहून ठेवतां येतो. नंतर प्रत्यक्ष वेळ त्याच्या शेजारीं बसतो. महिनाभराच्या तेरजेंत असें आढळलें कीं मोडी वाचनास आणि लेखनास लागलेला वेळ अंदाजाच्या फारसा पुढें गेला नव्हता. बाई सावकाश नव्हत्या. सायंकाळचें लेखन मात्र एका घटकेहून अधिक सलग क्वचितच झालें होतें. चहा, सासूबाईंचें औषध, मुलाचा गृहपाठ, दारावरची घंटा, असे तुकडे पडत. बाईंनीं 'घर' असें शीर्षक करून त्याखालींही घड्याळ लाविलें होतें, म्हणून हें दिसूं शकलें. एरव्हीं हे तास कोणत्याच खात्यावर पडले नसते. त्यांनीं तो कागद छापून यजमानांपुढें ठेविला. वाद झाला नाहीं. आंकडे पाहून सायंकाळचा चहा आणि आईचें औषध हीं दोन कामें यजमानांनीं आपणाकडे घेतलीं, आणि रोज तीन घटका सलग लेखनास मिळूं लागल्या. तिसरें प्रकरण आतां अखेरच्या टप्प्यावर आहे.

ही एका घराची गोष्ट नव्हे. भारत सरकारनें 2024 मध्यें केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणींत, सहा वर्षांवरील ज्या व्यक्तींनीं घरचें बिनमोल काम केलें त्यांचा सरासरी रोजचा वेळ स्त्रियांच्या बाबतींत 289 मिनिटें आणि पुरुषांच्या बाबतींत 88 मिनिटें आढळला. जुन्या मापानें पाहिल्यास स्त्रियांच्या बारा घटका, आणि पुरुषांच्या पावणेचारही भरत नाहींत. शिवाय ऑर्ग मोडचें घड्याळ एका वेळीं एकाच कामावर चालतें. दुसऱ्यावर लाविलें कीं पहिलें थांबतें. भाजी चुलीवर, मूल पाढे म्हणत आहे आणि कान दाराकडे, या अवस्थेस त्याच्याजवळ खातें नाहीं. म्हणून अशा वहींतील 'घर' या खात्याची बेरीज नेहमीं थोडी कमीच समजावी.

अशी वही ठेवूं इच्छिणारांस तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही कीं वही सजविण्याचा छंद फार ओढ लावणारा आहे. रंग, कळा आणि नमुने बदलण्यांत सबंध सुटी निघून जाते आणि काम जागच्या जागीं राहतें. त्यावर उपाय म्हणजे 'वहीची डागडुजी' असें एक शीर्षक करून त्यावरही प्रामाणिकपणें घड्याळ लावावें. रविवारच्या तेरजेंत तो आंकडा प्रबंधाच्या आंकड्याहून मोठा दिसला कीं हात आपोआप आवरतो. दुसरी ही कीं हें घड्याळ चाबूक होऊं देऊं नये. मालकानें नोकरावर ठेवलेली पाळत आणि आपण आपल्यासाठीं लिहिलेली कीर्द यांत फार अंतर आहे. फाइल आपल्या संगणकावर आहे. ती कोणास दाखवावयाची हें आपण ठरवावें, आणि विश्रांतीचीं मिनिटें तींत उधळपट्टी म्हणून मांडूं नयेत. तिसरी ही कीं फाइलीची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं अवश्य ठेवावी.

ज्यांस संगणकाचा कंटाळा आहे त्यांनीं साधी रेघी वही घ्यावी आणि दोन रकाने आंखावे, एक कामाचा व एक वेळेचा. बेरीज हातानें करावी लागेल, इतकाच फरक. मात्र निदान एक महिना ती वही चालवावी, आणि घरांतील कोणाच्या कामाविषयीं मत देण्यापूर्वीं तेरीज काढून सर्वांनीं मिळून वाचावी.