गॅसवाल्याची तक्रार लेखी करा, आणि स्वतःच्या धंद्यातही तक्रारीला जागा ठेवा

या आठवड्याचा व्हिडिओ सर्व्हिसच्या धंद्यात दर कसे ठरवायचे यावर होता. त्यात वेळेअभावी राहिलेला एक मुद्दा इथे सविस्तर लिहितो. तो दरापेक्षा मोठा आहे, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे.

आपलं जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी. डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगलाच गारठा पडतो. पूर्वी अंगणात बंब पेटायचा, आता बऱ्याच घरांत गॅस गिझर आलाय. थंडी सुरू झाली की गिझर, नळी, रेग्युलेटर यांच्या दुरुस्त्या निघतात. एजन्सीला फोन केला की कुणीतरी येतो, खटपट करतो, दोन-तीनशे रुपये घेतो आणि जातो. पावती नाही, नाव नाही, काय बदललं त्याची नोंद नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे असाच एक जण आला. गळणाऱ्या जोडावर त्याने एम-सील थापलं आणि गळती थांबली का हे बघायला चक्क काडी ओढली! मी एजन्सीत गेलो तर काउंटरवरून उत्तर आलं, "तो आमचा माणूस नाही." पाठवला मात्र त्यांनीच होता. मग मी लेखी तक्रार दिली, तेव्हा दुसरा माणूस आला. त्याने नळी बदलली, साबणाचं पाणी लावून जोड तपासला आणि पावतीही दिली. म्हणजे नीट काम करणारा माणूस त्यांच्याकडे होता. कागद पुढे सरकवल्यावर तो मिळाला.

चालू झालं म्हणजे दुरुस्त झालं, असं नाही

गॅसच्या कामातली चूक त्याच दिवशी दिसेलच असं नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली जमिनीलगत साचतो, आणि मग एक ठिणगी पुरते. त्याला वास यावा म्हणून मुद्दाम मर्कॅप्टन मिसळलेलं असतं. पण गिझर बंद बाथरूममध्ये बसवला, हवा खेळती नसली, की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. म्हणून "गरम पाणी येतंय ना, मग झालं" हे बोलणं मला पटत नाही.

तक्रार कशी करायची

1. वास येत असेल तर आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, लाइटच्या बटणाला हात लावू नका. बाहेर जाऊन 1906 वर फोन करा. एलपीजी गळतीसाठीचा हा नंबर 24 तास चालू असतो.
2. सिलिंडर, रेग्युलेटर, नळीची तक्रार गॅस एजन्सीकडे करा. गिझरच्या आतल्या भागाची तक्रार गिझर बनवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे. दोन्हीकडे लेखी द्या आणि तारखेसह पोच घ्या. कामाचे फोटो आणि यूपीआय पेमेंटची नोंद जपून ठेवा.
3. एजन्सी ऐकत नसेल तर गॅस कंपन्यांचा टोल फ्री नंबर 1800-2333-555.
4. तिथेही दाद नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915.
5. शेवटचा मार्ग म्हणजे बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही करता येते. मुदत 2 वर्षांची.

अपघात झालाच तर एजन्सीला लगेच लेखी कळवा. गॅस कंपन्यांनी ग्राहकांसाठी विमा काढलेला असतो, पण ज्याला माहीतच नाही तो मागणार कसा?

"जाऊ द्या ना भाऊ, आपल्याच गावातला पोरगा हाय"

हे मी दहा वेळा ऐकलंय. बरोबर आहे, पोरगा आपलाच आहे. पण त्याला न शिकवता, ओळखपत्र न देता, नगावर पैसे देऊन घरोघरी पाठवतं कोण? तक्रार त्याच्या पोटावर नको, पाठवणाऱ्याच्या जबाबदारीवर करा. उद्या स्फोट झाला तर तो पोरगाही त्याच खोलीत असेल.

आता तुमच्या धंद्याचं बोलू

तुमच्यापैकी कित्येकांना दुरुस्तीचा धंदा टाकायचाय. गिझर, आरओ, इन्व्हर्टर, मिक्सर, काहीही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नीट समजून घ्या. सदोष सर्व्हिसमुळे कुणाला इजा झाली तर सर्व्हिस देणाराही भरपाईला जबाबदार धरला जाऊ शकतो. वापराबद्दल पुरेशी सूचना किंवा धोक्याचा इशारा दिला नाही, हेसुद्धा त्यात येतं. दुकान लहान आहे म्हणून सूट नाही.

इंग्लंडमध्ये घरातलं गॅसचं काम करणाऱ्याला 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद करावी लागते. त्याच्याजवळ फोटोचं कार्ड असतं आणि कोणतं काम करायची परवानगी आहे हे मागच्या बाजूला लिहिलेलं असतं. ग्राहक दारातच कार्ड बघतो. हे तुम्ही इथे उद्यापासून स्वतःहून करू शकता. एक ओळखपत्र आणि एक कार्बन कॉपीचं बिल बुक, एवढाच खर्च.

प्रत्येक कामाला इतकं लिहाच:

- तारीख, तुमचं नाव, मोबाइल
- काय बिघडलं होतं, कोणता पार्ट बदलला
- कशाने तपासलं आणि काय आढळलं
- ग्राहकाला काय बजावलं (उदा. "व्हेंटिलेशन नाही, गिझर इथे वापरू नका")
- किती पैसे घेतले, आणि तक्रार कुठे करायची

"दोनशे रुपयांच्या कामाला कोण कागद करतं?" असं म्हणाल. माझं मत स्पष्ट आहे: जो करतो तोच टिकतो. छोट्या गावात जाहिरात तोंडोतोंडी होते. ज्याच्याकडे तक्रार करता येते, त्यालाच लोक दुसऱ्यांदा बोलावतात. आणि खोटा आरोप आलाच तर तीच पावती तुमची बाजू मांडेल.

या आठवड्याचं काम: घरातली गॅसची नळी बघा. तिच्यावरची तारीख वाचा, सुरक्षा नळी 5 वर्षांनी बदलायची असते. मग मागच्या दुरुस्तीची पावती शोधा. नसेल तर एजन्सीकडे मागा. पुढच्या व्हिडिओत जॉब कार्डचा नमुना भरून दाखवतो, वही-पेन घेऊन बसा.