लिब्रव्हिलच्या किनाऱ्यावर
२७ एप्रिल १९९३. विश्वचषक पात्रता सामन्यासाठी सेनेगलला निघालेलं झांबियाच्या फुटबॉल संघाचं विमान गॅबनमधल्या लिब्रव्हिलजवळ समुद्रात कोसळलं. १८ खेळाडूंसह सगळे ३० जण गेले. संघातला खेळाडू कालुशा ब्वाल्या नेदरलँड्समधून परस्पर जाणार होता, म्हणून वाचला. २०१२ मध्ये आफ्रिका चषकाची अंतिम लढत नेमकी लिब्रव्हिललाच आली. सामन्याआधी झांबियाच्या पोरांनी किनाऱ्यावर जाऊन लाटांना फुलं वाहिली. समोर द्रोग्बाचा बलाढ्य आयव्हरी कोस्ट. पण द्रोग्बाची पेनल्टी बारवरून गेली आणि १२० मिनिटं गोलशून्य सरली. शूटआउटमध्ये झांबियाच्या सुन्झूने शेवटचा चेंडू जाळ्यात धाडला, ८-७! दुखापतीमुळे मैदान सोडावं लागलेल्या मुसोंडाला प्रशिक्षक रेनार यांनी अक्षरशः उचलून जल्लोषात नेलं. आणि झांबियाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष होता, तोच कालुशा.