सौर प्रकल्पाला परवाना नको, गायरानधारकाला मात्र पुरावा हवा!

सौरऊर्जेला आमचा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बाबासाहेब श्रममंत्री होते, तेव्हा विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. वीज स्वस्त आणि मुबलक मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आमचा प्रश्न वेगळा आहे: पॅनेल कुणाच्या जमिनीवर उभी राहतात आणि तिथून कोण उठतो?

वीज कायदा 2003 चे कलम 7 वाचा. वीजनिर्मिती केंद्र उभारायला परवाना लागत नाही. ग्रीडला जोडण्याचे तांत्रिक निकष पाळले की झाले. फोटोव्होल्टाइक प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरीही लागत नाही. म्हणजे जनसुनावणी नाही. भूमिहीन माणसाने हरकत घ्यायची ती कुठल्या टेबलावर?

उरतो 2013 चा भूसंपादन कायदा. त्या जमिनीवर तीन वर्षे राबणारा, तिच्यावरच पोट असलेला शेतमजूरही या कायद्यात 'बाधित कुटुंब' ठरतो. पण तो लागू होतो संपादनाला. इथे संपादन होतच नाही, जमीन भाडेपट्ट्याने घेतली जाते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. मालकाचे भले झाले, होऊ द्या. त्याच रानात खुरपणी करणाऱ्या बाईचे नाव मात्र कुठल्याच कागदावर नाही.

आणि जिथे मालक सरकार आहे, तिथे गायरान आहे. दादासाहेब गायकवाडांच्या 1959 आणि 1964 च्या भूमिहीन सत्याग्रहांपासून आपली माणसे ही जमीन मागत आली, कसत आली. 14 एप्रिल 1990 पर्यंतची मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने स्वतःच घेतला होता. तरी कित्येकांच्या हातात आजही सातबारा नाही. आता त्याच गायरानावर प्रकल्पाची मोजणी येते आणि कसणारा एका दिवसात 'अतिक्रमणदार' होतो. वा रे न्याय!

गायरान मोकळे करताना 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालाचा दाखला दिला जातो. त्यातच लिहिले आहे, की भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना शासकीय अधिसूचनेने पट्टा दिला असेल, तर अपवाद करता येतो. हा भाग मोठ्याने कुणी वाचत नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे. गायरान प्रकल्पाला देण्याआधी 1990 पूर्वीच्या सगळ्या दाव्यांचा निकाल लावा. भाडेपट्टा असला तरी 2013 च्या कायद्यातील बाधित कुटुंबाची व्याख्या लावा. आणि गावागावांतल्या तरुणांनी मोजणीची नोटीस येण्याची वाट पाहू नये. तलाठ्याकडे जाऊन गाव नमुना 1-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, हिची नक्कल मागा. जुन्या दंडाच्या पावत्या आजोबांच्या पेटीत असतील, त्याही शोधा. दंड भरलेला कागद हाच आपल्या वहिवाटीचा पुरावा आहे.

जय भीम!