गाविलगडाचे प्रकरण कोणाच्या नजरेतून?

अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या अभ्यासिकेत रात्री अकरा वाजता डोकावावे. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकाखाली दुसरेच एक जाडजूड पुस्तक उघडे सापडण्याची बरीच शक्यता असते. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर' या मालिकेचा पहिला खंड १९९६ साली आला, पाचवा २०११ साली, आणि सहाव्याची वाट जग अजून पाहते आहे. या पुस्तकांचे वेड एकदा लागले की ते सहजी सुटत नाही. वाचणाऱ्याला घराण्यांची लांच्छने तोंडपाठ होतात, कोणाची आजी कोणत्या घराण्यातून आली हे झोपेतही सांगता येते, आणि प्राकृतिक भूगोलाचा नकाशा मात्र तसाच गुंडाळलेला राहतो.

या वेडावर घरात आणि शिक्षकांच्या खोलीत एक ठरलेला शेरा असतो: परक्या, तेही खोट्या राजांच्या वंशावळ्या पाठ, आणि आपल्या मातीतल्या राजांची नावे ठाऊक नाहीत. शेऱ्यातली दुसरी अर्धी गोष्ट खरी आहे. वऱ्हाडातील किती पदवीधरांना इमादशाहीचे चार सुलतान क्रमाने सांगता येतील, हा प्रश्न न विचारलेलाच बरा. पण त्याचा दोष मार्टिन यांच्या माथी मारणे हा आळस आहे. मुळात ही पुस्तके इतकी का धरून ठेवतात, हे आधी पाहिले पाहिजे.

त्यांतला रक्तपात हे कारण पुरेसे नाही. रक्तपात तर कोणत्याही बखरीत मुबलक सापडतो. खरे बलस्थान रचनेत आहे. प्रत्येक प्रकरणाला एका पात्राचे नाव असते आणि त्या प्रकरणात वाचकाला तेवढेच दिसते जेवढे त्या पात्राला दिसते. ज्याला दोनशे पाने खलनायक मानले, त्याच्या नावाचे प्रकरण अचानक समोर येते आणि वाचकाची पंचाईत होते. ज्याच्यावर भिस्त ठेवली, त्याचा पहिल्याच खंडात शिरच्छेद होतो. न्यायाची बाजू जिंकेल याची हमी नाही, आणि जिंकणारी बाजू न्यायाची आहे याचीही नाही. शाळेतल्या इतिहासाने ही अनिश्चितता कधी चाखू दिलेली नसते. तिथे पहिल्याच ओळीत कोण थोर आणि कोण दुष्ट ते ठरलेले असते, उरतात फक्त सनावळ्या.

आता याच नजरेने वऱ्हाडाकडे पाहावे.

पंधराव्या शतकात विजयनगरच्या मुलखातून एक ब्राह्मण मुलगा बहमनी फौजेच्या हाती लागला. तो वऱ्हाडच्या सुभेदाराच्या पदरी वाढला, मुसलमान झाला, फतहुल्ला या नावाने ओळखला जाऊ लागला आणि पराक्रमाच्या बळावर स्वतःच वऱ्हाडचा सुभेदार झाला. इमादुल्मुल्क हा त्याचा किताब. १४९० मध्ये बहमनी सत्ता मोडकळीला आली असता तो स्वतंत्र झाला आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हे राजधानीचे ठिकाण ठरले. मार्टिन यांच्या वाचकाला इथे थिऑन आठवल्याशिवाय राहणार नाही: ओलीस म्हणून परक्या घरात वाढलेला, कोणत्या घराचे नाव लावावे हे आयुष्यभर न ठरवता आलेला मुलगा. फतहुल्लाला तसा पेच पडला होता का? त्याच्या मनातले सांगणारा एकही कागद नाही. मात्र गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. दोन मस्तकांचा हा पक्षी विजयनगरच्या राजचिन्हांत होता, आणि अनेक अभ्यासक त्याचा संबंध फतहुल्लाच्या जन्मभूमीशी जोडतात. लांच्छनांचे वेड असलेल्या वाचकाने चिखलदऱ्याला जाऊन केवळ मक्याचे कणीस खाऊन परतावे, ही गोष्ट चटका लावणारी आहे.

याच कथेचा एक जुळा भाऊ आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळपुरुष मलिक हसन हाही विजयनगरच्या स्वारीत पकडलेला ब्राह्मण मुलगा, आणि त्याचे मूळ घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे मानले जाते. पाथरी, आज परभणी जिल्ह्यात असलेले हे गाव, त्या काळी वऱ्हाडच्या राज्यात होते. बुऱ्हाण निजामशहाने पूर्वजांचे गाव म्हणून त्याची मागणी केली आणि त्याबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. अलाउद्दीन इमादशहाने नकार दिला. १५१८ मध्ये निजामशाही फौजांनी पाथरी घेतली. दोन सुलतान, दोघांच्याही घराण्यात एकेक पळवलेला ब्राह्मण मुलगा, आणि भांडण एका वतनाच्या गावावरून. अशी योजना कादंबरीकाराने केली असती, तर संपादकाने 'फार जुळवून आणले आहे' म्हणून परत पाठवली असती.

पुढची पिढी दर्या इमादशहाची. त्याने आपली मुलगी दौलत शाह हुसेन निजामशहाला दिली, म्हणजे वैर सोयरिकीने मिटवण्याचा जुना मार्ग धरला. तो फार काळ चालला नाही. १५६५ मध्ये तालिकोट्याच्या लढाईसाठी दख्खनच्या चार शाह्या एकत्र आल्या, तेव्हा वऱ्हाड बाहेरच राहिले. दर्याच्या मागून १५६२ मध्ये गादीवर आलेला बुऱ्हाण इमादशहा अल्पवयीन होता. कारभार तुफालखान या सरदाराच्या हाती गेला, आणि थोड्याच काळात त्या मुलाची रवानगी नरनाळ्याच्या किल्ल्यात कैदी म्हणून झाली.

अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या रांगेत नरनाळा आहे. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, याच मुलाच्या पणजोबाच्या, फतहुल्लाच्या अमदानीतला. दगडी जाळ्या, कमळे, अरबी अक्षरांच्या ओळी असलेले ते काम दख्खनमधील उत्तम दरवाजांत मोडते. पणजोबाने उभारलेल्या त्या वैभवाच्या आत पणतू कोंडलेला. त्याच्या नावाचे प्रकरण कोणी लिहिले असते, तर ते बहुधा इथूनच सुरू झाले असते.

मग मुर्तजा निजामशहा आला. त्याचा जाहीर हेतू मोठा उदात्त होता: बळकावू तुफालखानाच्या तावडीतून खऱ्या राजाला सोडवायचे. १५७४ मध्ये त्याने नरनाळा घेतला, तुफालखानाला पकडले, आणि ज्याला सोडवायला आला होता त्या बुऱ्हाणलाही कैद केले. इमादशाही संपली. कैदी निजामशाही किल्ल्यात पाठवले गेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला, तोही संशयास्पद रीतीने. सोडवणारा आणि कोंडणारा एकच निघावा, हे या मालिकेच्या वाचकाला नवीन नाही. खुद्द मुर्तजाचे काय झाले, तेही नवीन वाटणार नाही: १५८८ मध्ये त्याच्याच मुलाने त्याचा जीव घेतला आणि वर्षभरात तो मुलगाही मारला गेला.

इथवर वाचून एखादा उत्साही तरुण 'आमचे वेस्टेरॉस' अशा मथळ्याची चित्रफीत तयार करायला बसेल. त्याने क्षणभर थांबावे. कारण या मालिकेने शिकवलेला सर्वांत मोलाचा प्रश्न अजून विचारलेलाच नाही: हे प्रकरण कोणाच्या नजरेतून लिहिले आहे?

वरची बहुतेक हकीकत फिरिश्ता या इतिहासकाराच्या ग्रंथातून आपल्यापर्यंत पोहोचते. फिरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर अहमदनगरला आला आणि मुर्तजा निजामशहाच्याच चाकरीत होता. मुर्तजाच्या खुनानंतर तो विजापुरास गेला आणि तिथे आदिलशाही आश्रयाने त्याने इतिहास लिहिला. दुसरा मोठा आधार 'बुऱ्हान-इ-मआसिर', तोही निजामशाही दरबाराशी बांधलेल्या लेखकाचा. म्हणजे वऱ्हाडच्या गादीचा शेवट आपण जिंकणाऱ्याच्या अंगणात उभे राहून पाहतो. तुफालखान खरोखर तसा बळकावू होता, की अल्पवयीन राजाच्या राज्यात कारभार सांभाळणाऱ्या प्रत्येकाला जेता तेच नाव देतो? त्याने बुऱ्हाणला कैद केले हे खरेच. पण त्याच्या बाजूचे प्रकरण लिहायला एलिचपूरचा कोणी इतिहासकार उरला नाही. इमादशाहीचा स्वतःचा दरबारी इतिहास आपल्या हाती नाही, आणि वऱ्हाड आपल्या पुस्तकांत नेहमी शेजाऱ्यांच्या गोष्टीतले दुय्यम पात्र होऊन येते, याचे हे एक मोठे कारण आहे. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण सगळ्यांना ठाऊक असते, कारण ती बाहेरून वसूल करायला येणाऱ्यांच्या कामाची आहे.

सव्वादोनशे वर्षांनंतरचा प्रसंग याहून बोलका आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, गाविलगडाकडे वळला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेच्या बाजूला ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या भगदाडातून हल्ला झाला. आतला किल्ला मात्र खोल घळीपलीकडे शाबूत होता. कॅप्टन कॅम्बेलच्या शिपायांनी शिड्या लावून तट चढला आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढत दरवाजाजवळच पडला. दोन दिवसांनी देवगावला तह झाला.

या लढाईवर इंग्रजीत एक गाजलेली कादंबरी आहे. बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या शार्प मालिकेतील 'शार्प्स फोर्ट्रेस' पूर्णपणे या मोहिमेवर बेतली आहे, आणि कॉर्नवेल हे मार्टिन यांचे आवडते लेखक, त्यांच्या युद्धवर्णनांचे मार्टिन यांनी जाहीर कौतुक केले आहे. म्हणजे जगभरच्या ज्या वाचकांना मार्टिन यांचे वेड आहे, त्यांतल्या कित्येकांनी अमरावती जिल्ह्यातला हा तट कल्पनेत चढलेला आहे. कादंबरीत शिडी लावण्याचा पराक्रम अर्थातच काल्पनिक नायक शार्प करतो, कॅम्बेल नव्हे. ही लेखकाची हक्काची मोकळीक. खटकते ती दुसरी गोष्ट. कादंबरी घ्या की वेलस्लीचे खलिते, तट नेहमी बाहेरूनच चढला जातो.

आतल्या बाजूची एक नोंद इंग्रजांच्याच वृत्तांतांत आहे. किल्ला पडणार असे दिसताच किल्लेदाराच्या घरातील स्त्रियांना मारून टाकण्याचा हुकूम झाला होता. तो पुरता पाळला गेला नाही. काही जणी मेल्या, काही जखमी अवस्थेत जिवंत सापडल्या. त्यांच्यापैकी एकीचेही नाव त्या नोंदीत नाही. त्यांना वाचवले कोणी, की मारणाऱ्याचा हात थरथरला? आणि पुढे त्या कुठे गेल्या?

या ठिकाणी या मालिकेचे वेड लागलेला वाचक दोन मोहांत सापडतो. पहिला मोह जुना: त्या स्त्रियांना जोहराच्या तेजोवलयात बसवायचे आणि पुढे जायचे. समाजमाध्यमांवरील अर्ध्याअधिक ऐतिहासिक धाग्यांचा उदरनिर्वाह त्याच्यावर चालतो. दुसरा मोह या पुस्तकांनी दिलेला आणि म्हणून अधिक फसवा: जिथे कागद गप्प आहे तिथे क्रौर्य भरायचे, कारण काळोख अधिक 'खरा' वाटतो. बुऱ्हाण इमादशहाच्या मृत्यूला विष, फास, अंधारकोठडी असा मालमसाला लावायला वेळ लागत नाही. पण काळोखाची कल्पना तेजोवलयाच्या कल्पनेइतकीच कल्पना असते. मार्टिन यांना ती मुभा आहे, कारण त्यांच्या जगात ते सांगतील तेच घडले. नरनाळ्यात काय घडले ते कोणाच्याही मर्जीवर अवलंबून नाही. ते घडून गेले आहे, आपल्याला दिसो वा न दिसो.

गडद कथा म्हणजे वास्तव, हे समीकरण आणखी एका ठिकाणी तपासून पाहावे. या मालिकेत युद्धाने उद्ध्वस्त झालेली खेडी आहेत, फौजेतून फुटून भटकणारे शेतकरी आहेत, आणि त्यांच्यासाठी लिहिलेली पाने संपूर्ण मालिकेतील सर्वांत सुंदर पानांत मोडतात. फिरिश्त्यात अशी पाने शोधून सापडत नाहीत. एलिचपूर आणि अहमदनगर यांच्यामध्ये फौजा पाऊणशे वर्षे ये-जा करीत होत्या, त्यांच्या वाटेवरच्या ज्वारीचे काय झाले हे त्याने लिहिले नाही. म्हणजे इथे कल्पित कथा इतिहासाहून दयाळू निघते. अभ्यासिकेतल्या त्या पुस्तकाला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे: ज्याने त्या खेड्यांवरून नजर फिरवली आहे, तोच फिरिश्ता वाचताना विचारील की या पानावर शेतकरी का नाही.

आणि असे विचारणारा वाचक वऱ्हाडाला आजवर फारसा मिळालेला नाही. गॅझेटियरची जुनी पाने, फारसी तवारिखांची भाषांतरे, दरवाजांवरचे शिलालेख, नागपूरकर भोसल्यांचे कागद, असे साहित्य विखुरलेले आहे, पण आहे. काल्पनिक घराण्यांची हजारो पाने ज्याने रात्री जागून वाचली, त्याला ते जड जाण्याचे कारण नाही. सहावा खंड येईपर्यंत वेळही भरपूर दिसतो.

अकोटहून शहानूरमार्गे नरनाळ्याला जाता येते. परिसर व्याघ्रप्रकल्पात मोडत असल्याने आधी प्रवेशाची चौकशी करावी आणि उजेड आहे तोवर परतावे. महाकाली दरवाजाखाली उभे राहून वर पाहिले की फतहुल्लाच्या काळातला लेख दिसतो. त्याच्या पणतूला तो आतल्या बाजूने कधी पाहता आला का, याची नोंद कुठेच नाही.